तेवीस वर्षांचा खेळाडू

२०२५ च्या उन्हाळ्यात अण्णा सांगलीहून आमच्याकडे व्हर्जिनियात राहायला आले होते, तेव्हा एका संध्याकाळी आम्ही त्यांना नॅशनल्स पार्कवर बेसबॉलचा सामना बघायला घेऊन गेलो. वॉशिंग्टन नॅशनल्स विरुद्ध न्यूयॉर्क मेट्स. ग्रीन लाइनच्या नेव्ही यार्ड स्थानकातून वर आल्याबरोबर अंगाला चिकटणारी दमट हवा, अ‍ॅनाकॉस्टिया नदीवरून येणारा कोमट वारा, परतलेल्या कांद्याचा वास आणि लाल शर्टांची गर्दी, हे सगळे अण्णा काही न बोलता न्याहाळत होते. जागेवर बसल्यावर मुलाने त्यांच्या हातात भाजलेल्या शेंगांची पिशवी दिली. आजूबाजूचे लोक टरफले सरळ पायाशी टाकत होते. अण्णांनी मात्र खिशातला रुमाल मांडीवर पसरला आणि एकेक टरफल त्यात गोळा करत राहिले. पहिल्याच इनिंगमध्ये मेट्सचा हुआन सोटो बॅट घेऊन आला आणि स्टेडियममध्ये एकाच वेळी दोन आवाज उठले. काही लोक हुर्यो करत होते आणि काही उभे राहून टाळ्या वाजवत होते. अण्णांनी मुलाकडे पाहिले. मुलाने त्यांना भराभर सगळी हकिकत सांगितली: हा आधी आपला होता, आपल्याला वर्ल्ड सिरीज, म्हणजे या खेळाचे सर्वोच्च अजिंक्यपद, जिंकून देणाऱ्यांपैकी एक होता, संघ नव्याने उभारायचा म्हणून २०२२ मध्ये त्याला सॅन दिएगोला दिले, त्याने ४४ कोटी डॉलरचा करार नाकारला होता, बदल्यात आपल्याला सहा खेळाडू मिळाले. खेळाडूंच्या देवाणघेवाणीचे अण्णांना नवल वाटले नाही. हार्दिक पंड्या गुजरातकडून पुन्हा मुंबईकडे आला तेव्हाचा गदारोळ त्यांनी घरी बसून पाहिलेला होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "तेव्हा वय काय होते त्याचे?"

"तेवीस," मुलगा म्हणाला.

अण्णांनी मान हलवली, आणखी एक शेंग फोडली आणि ते पुन्हा मैदानाकडे बघू लागले. तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. २०२२ पासून या शहरात सोटोच्या ट्रेडविषयी, म्हणजे त्या अदलाबदलीविषयी, जेवढे बोलले गेले, त्यात कराराची वर्षे, कोट्यवधींचे आकडे, मिळालेल्या तरुण खेळाडूंची गुणवत्ता, मालकांची तिजोरी, एजंटचा हट्ट, असे सगळे काही होते. मीही अनेकदा अशाच आकड्यांनी वाद घातला आहे. पण पडत्या संघाने आपला सर्वांत मोठा खेळाडू द्यावा की ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या खेळाडूच्या वयात असते, असे मला आता अधिकाधिक वाटू लागले आहे. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला निरोप देणे दुःखद असले तरी समजण्यासारखे आहे, कारण संघ पुन्हा उभा राहील तेव्हा त्याचे हातपाय थकलेले असतील. तेवीस वर्षांच्या मुलाचे तसे नसते. संघ नव्याने उभारायचा म्हणजे सोटोसारखा एखादा मुलगा हाती लागेपर्यंत वर्षानुवर्षे हरत राहायचे, आणि येथे तर तो मुलगा आधीच राइट फील्डमध्ये उभा होता.

सोटो आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मे २०१८. सांतो डोमिंगोच्या या मुलाला नॅशनल्सने तीन वर्षांपूर्वी १५ लाख डॉलर देऊन करारबद्ध केले होते, आणि खालच्या लीगमधल्या तीन पायऱ्या त्याने त्या एकाच वसंतात ओलांडल्या होत्या. सुरुवातीपासून खेळायला मिळालेल्या पहिल्याच सामन्यात, समोर आलेल्या पहिल्याच चेंडूवर त्याने लेफ्ट फील्डच्या बाजूला होमरन मारला. डावखुऱ्या बॅटरने इतक्या सहजपणे चेंडू उलट्या बाजूला भिंतीपलीकडे धाडणे हे डोळ्यांना विश्वास न बसण्यासारखे होते. समोरचा संघ सॅन दिएगो पॅड्रेसचा होता. त्या वर्षी त्याने २२ होमरन मारले, पण मला भुरळ घातली ती त्याच्या न मारण्याने. एवढ्या लहान वयात बॅटर उतावीळ असतात, बाहेर जाणाऱ्या चेंडूच्या मागे धावतात. सोटो चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यापासून कॅचरच्या हातमोज्यात शिरेपर्यंत त्याच्याकडे डोके वळवून बघत असे, जणू तो चेंडू त्याला वाचायचा आहे. सोडून दिलेला चेंडू 'बॉल', म्हणजे मारण्याच्या कक्षेबाहेरचा, ठरला की तो गुडघ्यांत खोल वाकायचा, पाय फाकवून बुटाने माती झाडल्यासारखी हालचाल करायचा आणि पिचरकडे रोखून बघायचा. विरोधी संघांना त्या लकबीचा राग यायचा. आमच्या घरात, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर, एक लहान मुलगा प्लास्टिकची बॅट घेऊन नेमकी तीच हालचाल करत असे.

त्या पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर या शहरात कुणी विसरलेले नाही. मे महिन्यात १९ विजय आणि ३१ पराभव अशा अवस्थेत असलेला संघ वाइल्ड कार्डच्या, म्हणजे बाद फेरीत शिरण्याच्या, सामन्यापर्यंत पोहोचला, आणि १ ऑक्टोबरच्या त्या रात्री आठव्या इनिंगमध्ये मिलवॉकीविरुद्ध १ विरुद्ध ३ असा मागे होता. तिन्ही बेसवर आमचे खेळाडू, दोन बॅटर बाद, समोर जॉश हेडर, म्हणजे त्या काळात ज्याच्यापुढे उभे राहायला भलेभले कचरत असा डावखुरा पिचर. सोटो तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याने चेंडू राइट फील्डला मारला, तेथे तो ट्रेंट ग्रिशमच्या हातमोज्याखालून निसटून मागे गेला आणि तीन धावा घरी आल्या. संपूर्ण स्टेडियम हलत होते, हे मी शब्दशः म्हणते, कारण पायाखालचे काँक्रीट थरथरल्याचे मला जाणवले होते. पुढे लॉस एंजलिसच्या डॉजर्सविरुद्ध अखेरच्या सामन्यात त्यांचा पिचर क्लेटन कर्शॉच्या लागोपाठच्या दोन चेंडूंवर आधी अँथनी रेंडॉनने आणि मग सोटोने होमरन मारून बरोबरी साधली. वर्ल्ड सिरीजमध्ये ह्यूस्टनविरुद्ध खेळताना सोटो एकवीस वर्षांचा झाला. ३० ऑक्टोबरला सातवा सामना ह्यूस्टनमध्ये जिंकला, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये पाऊस पडत होता आणि नॅशनल्स पार्कच्या मोठ्या पडद्यासमोर हजारो माणसे भिजत उभी होती. अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. अमेरिकेत येऊन इतकी वर्षे झाली होती, पण या शहरात मी पाहुणी नाही असे मला पहिल्यांदा त्या पावसात वाटले. म्हणून या विषयावर तटस्थपणे लिहिणे मला शक्य नाही आणि तसे लिहावे अशी इच्छाही नाही.

त्यानंतर जे झाले ते फार वेगाने झाले. संघाचा तारा ब्राइस हार्पर तर विजेतेपदाच्या आधीच, २०१९ च्या वसंतात, तेरा वर्षांच्या ३३ कोटी डॉलरच्या करारावर फिलाडेल्फियाला गेला होता. विजेतेपदानंतर रेंडॉन लॉस एंजलिसच्या एंजल्सकडे गेला. क्लबने पिचर स्टीव्हन स्ट्रासबर्गला मात्र सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलर देऊन ठेवून घेतले. त्याचे शरीर साथ देईना, आणि त्या करारानंतर तो जेमतेम आठ सामन्यांत पिच करू शकला. मालकांच्या मनात मोठ्या करारांची धास्ती बसली असेल तर ती येथून बसली असावी, आणि ती मी समजू शकते. २०२१ च्या जुलैत संघ घसरला आणि अदलाबदलीची मुदत संपण्यापूर्वी आठ खेळाडू बाहेर गेले. त्यांत पिचर मॅक्स शर्झर आणि बॅटर ट्रे टर्नर हे दोघे एकाच सौद्यात डॉजर्सकडे गेले. शर्झर तेव्हा सदतीस वर्षांचा झाला होता आणि त्याचा करार त्या हंगामाअखेर संपणार होता. त्याचे जाणे मला टोचले, पण पटले. टर्नरचे टोचले आणि पुरते पटलेही नाही. तरीही त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते की सोटो आहे, आता त्याच्याभोवती नवा संघ बांधायचा. जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी २०२२ च्या जूनच्या सुरुवातीला रेडिओवर अगदी निःसंदिग्धपणे सांगितले होते की सोटोला आम्ही ट्रेड करणार नाही.

दोन महिन्यांनी तो गेला.

मधल्या काळात घडले ते असे. क्लबने त्याच्यासमोर पंधरा वर्षांचा ४४ कोटी डॉलरचा करार ठेवला आणि त्याने तो नाकारला. एकूण रक्कम त्या वेळच्या बेसबॉलमधली सर्वांत मोठी होती, आणि मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना कुणीतरी माझ्यापाशी चीड व्यक्त केली की या मुलाला अजून किती पाहिजे. पण पंधराने भागले की वर्षाला २.९ कोटी डॉलर होतात, आणि त्या वेळी त्याच्यापेक्षा कमी कुवतीचे अनेक खेळाडू वर्षाला त्याहून अधिक मिळवत होते. दोन वर्षांनी, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरात, मेट्सने त्याच पंधरा वर्षांसाठी ७६.५ कोटी मोजले. सोटोने आपली किंमत बरोबर ओळखली होती. ज्याला आपण एकोणीस वर्षांचा असल्यापासून घरचे मूल मानले, त्याने घरच्यांसाठी स्वस्तात राहावे, ही अपेक्षा प्रेमातून येत असली तरी न्याय्य नाही. त्यातून मालक लर्नर कुटुंबाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लब विकण्याची चाचपणी सुरू केली होती, त्यामुळे आपल्यापुढे करार ठेवणारा मालक उद्या राहणार आहे की नाही हेही त्या मुलाला ठाऊक नव्हते. अशा वेळी पुढच्या पंधरा वर्षांवर सही कुणी करावी?

ट्रेडच्या बाजूचा हिशेब मात्र पोकळ नव्हता आणि तो मला नीट मांडला पाहिजे. या खेळात पहिली सहा वर्षे खेळाडू ज्या क्लबकडे असतो त्याच्याशी बांधलेला राहतो. त्यानंतर तो मोकळा होतो आणि वाटेल तेथे जाऊ शकतो. सोटो २०२४ च्या हंगामानंतर मोकळा होणार होता. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला घेणाऱ्या क्लबला त्याच्यासोबत तीन ऑक्टोबर मिळणार होते, म्हणून त्याची किंमत तेव्हा सर्वोच्च होती आणि पुढे दर महिन्याला उतरत जाणार होती. जो क्लब थांबतो त्याचे काय होते याचे उदाहरण पुढच्याच वर्षी सर्वांनी पाहिले. एंजल्सकडे जपानी तारा शोहेई ओहतानी होता, त्याचा करार संपत आलेला होता, संघ मध्यम होता. त्यांनी त्याला विकायचे नाही असे ठरवले, उलट जिंकण्यासाठी आपलेच तरुण खेळाडू देऊन दोन पिचर आणले, ऑगस्टमध्ये संघ कोसळला, ७३ विजय आणि ८९ पराभवांवर हंगाम संपला, आणि डिसेंबरात ओहतानी त्याच महानगर परिसरातल्या डॉजर्सकडे ७० कोटींच्या करारावर गेला. एंजल्सच्या हाती ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातल्या, एका वाढीव निवडीपलीकडे काही उरले नाही. हे उदाहरण माझ्यासमोर ठेवले जाते तेव्हा मी ते नाकारत नाही. ओहतानी त्या जुलैत एकोणतीस वर्षांचा झाला होता आणि त्याच्या करारात अवघे दोन महिने शिल्लक होते, एवढेच मी लक्षात आणून देते. सोटोच्या बाबतीत क्लबकडे अडीच वर्षे होती. अडीच वर्षांत मन वळवता येते, दुसरा करार ठेवता येतो, तिसरा ठेवता येतो, जिंकायला सुरुवात करून दाखवता येते. तेवढे करूनही तो गेला असता, तर निदान त्याची ऐन उमेदीची अडीच वर्षे आमच्या डोळ्यांसमोर गेली असती.

१ ऑगस्ट २०२२ ची रात्र. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुदत संपणार होती आणि सगळ्यांना काय होणार ते दिसत होते. समोर मेट्सचा संघ होता आणि त्यांचा पिचर होता मॅक्स शर्झर, आदल्याच वर्षी येथून गेलेला. आम्ही राइट फील्डच्या बाजूला बसलो होतो, कारण मुलाला सोटोच्या जवळ बसायचे होते. चौथ्या इनिंगमध्ये सोटोने शर्झरला होमरन मारला. चेंडू बॅटवरून सुटला तो आवाज मला अजून आठवतो, कोरडा आणि भरीव, ज्यानंतर चेंडू कोठे जाणार हे बघायची गरज नसते. लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. २०१९ च्या त्या रात्री ज्यांनी एकत्र चषक उचलला होता त्यांतले दोघे एकमेकांसमोर उभे होते, एक जाऊन परक्या कपड्यांत परत आलेला, दुसरा उद्या जाणारा. त्यानंतर प्रत्येक वेळी तो मैदानावर धावत आला की राइट फील्डच्या प्रेक्षकांतून त्याच्या नावाचा घोष सुरू होई, आणि तो मान वर करून हात उंचावत असे. सामना आम्ही हरलो. त्या वर्षी आम्ही १०७ सामने हरलो, त्यामुळे त्या हरण्याचे कुणाला विशेष वाटले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसमध्ये फोनवर बातमी आली: सोटो आणि त्याचा सहकारी जॉश बेल सॅन दिएगोला, बदल्यात मॅकेन्झी गोर, सी. जे. एब्रम्स, रॉबर्ट हॅसेल, जेम्स वुड, हार्लिन सुसाना आणि ल्यूक व्हॉइट. मी ती मुलाला लगेच कळवली नाही. संध्याकाळी घरी गेले तर त्याला ती आधीच कळलेली होती, आणि तो वुड कोण, एब्रम्स कोण, हे वहीत लिहून काढत होता. मुलांची ही ताकद मोठ्यांत नसते.

दहाच दिवसांनी पॅड्रेस वॉशिंग्टनला आले. सोटो तपकिरी-पिवळ्या कपड्यांत मैदानावर उतरला आणि पूर्ण स्टेडियम उभे राहिले. त्याने हेल्मेट काढून सगळीकडे वळून अभिवादन केले. मला तेव्हा कुणाचा राग येत होता ते नीट सांगता येणार नाही. त्याचा तर नक्कीच नव्हता.

वॉशिंग्टनला ही सवय जुनी आहे, असे मला या शहराच्या बेसबॉलचा इतिहास वाचताना वारंवार जाणवते. १९३३ मध्ये वॉशिंग्टनच्या तेव्हाच्या सेनेटर्स संघाला लीगचे अजिंक्यपद मिळवून देणारा जो क्रोनिन हा सव्वीस वर्षांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता आणि संघाचा मॅनेजरही तोच होता. पुढच्या वर्षी त्याने मालक क्लार्क ग्रिफिथ यांच्या भाचीशी लग्न केले, आणि त्याच शरद ऋतूत ग्रिफिथ यांनी भाचीच्या या नवऱ्याला बॉस्टनच्या रेड सॉक्सला विकले. बदल्यात एक खेळाडू आणि २,२५,००० डॉलर मिळाले. मंदीच्या त्या काळात क्लब तगवायचा तर ती रक्कम हवी होती, हे खरे आहे. पण त्यानंतर लीगचे अजिंक्यपद या शहरात यायला २०१९ उजाडले, हेही खरे आहे. मधल्या काळात एक सेनेटर्स संघ मिनेसोटाला गेला, दुसरा टेक्सासला गेला. १९७१ च्या सप्टेंबरात दुसऱ्या संघाच्या अखेरच्या सामन्यात, जिंकायला एकच बॅटर बाद करायचा शिल्लक असताना, लोक मैदानात घुसले आणि माती, गवत, बेस, हाती लागेल ते उपटून घेऊन गेले. पंचांनी सामना विरोधी संघाला दिला. ज्यांनी तिकीट काढून आपल्याच संघाचा विजय उधळला, त्यांना मी दोष देऊ शकत नाही. पुढची ३३ वर्षे राजधानीत बेसबॉल नव्हते.

आणि २००५ मध्ये जो संघ येथे आला तो स्वतःच असल्या सौद्यांनी पोखरलेला होता. नॅशनल्स म्हणजे मूळचे माँट्रियल एक्स्पोज. १९९४ मध्ये संपामुळे हंगाम थांबला तेव्हा ७४ विजय आणि ४० पराभवांसह सगळ्यांत पुढे असलेला हा संघ पुढच्या वसंतात काही दिवसांतच मोडून टाकण्यात आला. १९९७ मध्ये त्यांचा पिचर पेड्रो मार्टिनेझ सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला आणि त्याच नोव्हेंबरात, सव्विसाव्या वर्षी, त्याला बॉस्टनला देण्यात आले. त्याच्या मोबदल्यात आलेल्या दोन तरुण पिचरांपैकी टोनी आर्मस ज्युनियर हा २००५ मध्ये संघाबरोबर वॉशिंग्टनला आला. तो मेहनती होता, दुखापतींनी गांजलेला होता, आणि तो पेड्रो नव्हता. २००४ च्या ऑक्टोबरात एक्स्पोजने आपला शेवटचा सामना खेळला, आणि त्याच महिन्यात पेड्रोने बॉस्टनसाठी वर्ल्ड सिरीज जिंकली. पेड्रोचा जन्म २५ ऑक्टोबरचा. सोटोचाही २५ ऑक्टोबरचा, आणि दोघेही डॉमिनिकन. योगायोगाला मी अर्थ चिकटवत नाही, पण माँट्रियलचे जुने चाहते २०२२ च्या त्या ऑगस्टमध्ये काय म्हणत असतील, हे मला अंदाजाने कळते.

२०२२ चाच ऑक्टोबर मला या सगळ्यात सर्वांत जड गेला. बेसबॉलमधल्या दोन लीगांपैकी नॅशनल लीगच्या अंतिम फेरीत एका बाजूला फिलाडेल्फियाचा हार्पर, दुसऱ्या बाजूला सॅन दिएगोचे सोटो आणि बेल. पाचव्या सामन्यात पावसात हार्परने होमरन मारला आणि फिलाडेल्फिया वर्ल्ड सिरीजमध्ये गेली. टीव्हीवरचा तो सामना बघताना वाटत होते की हे सगळे आमच्या घरातले आहे आणि आम्ही ते रस्त्यावरून खिडकीतून बघतो आहोत.

आता ट्रेडमधून काय मिळाले ते पाहू. व्हॉइट त्या हंगामानंतर राहिला नाही. हॅसेल दुखापतींतून सावरत २०२५ मध्ये कुठे मोठ्या संघात पोहोचला. सुसाना अफाट वेगाने चेंडू टाकतो, पण २०२५ मध्ये तो खालच्या लीगमध्येच होता आणि त्याला दुखापतीने गाठले. एब्रम्स २०२४ मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंत गणला गेला, गोर २०२५ मध्ये झाला, वुडही त्याच वर्षी झाला. एका सौद्यातून तीन ऑल-स्टार, हे कोणत्याही निकषावर मोठे यश आहे, आणि रिझो यांनी जेवढे मिळवता येईल तेवढे मिळवले याबद्दल त्यांचे श्रेय मी काढून घेणार नाही. पण अण्णांच्या प्रश्नाने मला या यादीकडे पुन्हा बघायला लावले. गोर सोटोपेक्षा जेमतेम चार महिन्यांनी लहान आहे. म्हणजे भविष्यासाठी म्हणून जो पिचर घेतला तो त्याच वयाचा होता ज्याला भूतकाळात जमा केले गेले. एब्रम्स दोन वर्षांनी लहान, वुड चार वर्षांनी. आणि संघ? २०२३ मध्ये ९१ पराभव, २०२४ मध्ये ९१ पराभव, २०२५ मध्ये ९६. २०२५ च्या जुलैत रिझो आणि मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ दोघांनाही काढून टाकण्यात आले. त्यानंतर आठवड्याभरात क्लबने ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकावर ईलाय विलिट्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा निवडला. तो गुणी आहे असे सगळे सांगतात. तो तेवीस वर्षांचा होईपर्यंत २०३० उजाडेल. दरम्यान मालकांनी २०२४ च्या सुरुवातीला क्लब विकण्याचा विचारच सोडून दिला. ज्या विक्रीच्या सावटाखाली सोटोशी बोलणी झाली, ती विक्री झालीच नाही.

दुष्काळात शेतकऱ्यावर बियाण्याचे धान्य विकण्याची वेळ येते तेव्हा आपण त्याला नावे ठेवत नाही, कारण घरात खाणारी तोंडे असतात. येथे मात्र तशी वेळ आलेली नव्हती. देशातल्या सर्वांत श्रीमंत महानगरांपैकी एक असलेल्या राजधानीतला हा क्लब आहे, मालकांची गणना देशातल्या मोठ्या बांधकाम व्यावसायिकांत होते, आणि तीनच वर्षांपूर्वी त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकलेली होती. कॅन्सस सिटीकडे यांतले काहीच नव्हते. तेथला रॉयल्सचा संघ २०२३ मध्ये १०६ सामने हरला. त्यांच्याकडे बॉबी विट ज्युनियर हा एक तरुण शॉर्टस्टॉप होता आणि छोट्या शहराच्या क्लबने त्याला विकून चार-पाच खेळाडू घ्यावेत, असा सल्ला कुणीही देऊ शकले असते. क्लबने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला अकरा वर्षांसाठी जवळपास २९ कोटी डॉलरचा करार दिला आणि त्याच्याभोवती मध्यम दर्जाचे पण अनुभवी पिचर जमवले. त्या वर्षी त्यांनी ८६ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत बाल्टिमोरला त्यांच्याच मैदानावर हरवले. सही करताना विट तेवीस वर्षांचा होता. विटने क्लबला होकार दिला आणि सोटोने दिला नाही, हा फरक मी मान्य करते. पण होकार मिळतो तो बहुतेक वेळा लवकर विचारल्यावर, मोकळे होण्याची तारीख जवळ येण्याआधी आणि खेळाडूच्या मनात क्लबविषयी शंका उभी राहण्याआधी. सोटोचे सोबती एकेक करून निघून जाताना त्याने दोन वर्षे पाहिले होते, आणि खरे आकडे त्याच्यासमोर आले ते त्यानंतर.

म्हणून माझे सगळे लक्ष आता जेम्स वुडकडे आहे. तो येथलाच मुलगा, मेरीलँडमधल्या रॉकव्हिलला जन्मलेला आणि ओल्नीला वाढलेला, म्हणजे आमच्या ओळखीच्या अनेक मराठी कुटुंबांची मुले ज्या मैदानांवर शनिवारी सकाळी खेळतात त्याच परिसरातला. उंची सहा फूट सात इंच, चेहरा शांत, आणि बॅट फिरवतो तेव्हा एवढ्या लांब हातांना इतके सैल कसे राहता येते याचे आश्चर्य वाटते. २०२५ मध्ये त्याने ३१ होमरन मारले आणि २२१ वेळा तो स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मैदानात न धाडताच बाद, झाला. हंगामाच्या उत्तरार्धात त्याची लय बिघडली तेव्हा लोक कुजबुजू लागले की हा सोटो नव्हे. तो सोटो नाहीच, आणि त्याने सोटो होण्याची गरजही नाही. त्याच्या चुका त्याच्या वयाच्या आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात तो तेवीस वर्षांचा झाला. २०३० च्या हंगामानंतर तो मोकळा होईल, म्हणजे २०२५ चा हंगाम संपला तेव्हा क्लबच्या हातात पाच पूर्ण हंगाम होते, सोटोच्या वेळी होते त्याच्या दुप्पट. पुढे दोन-तीन वर्षे संघ असाच रेंगाळला तर २०२८ च्या जुलैत पुन्हा तीच चर्चा सुरू होईल, त्याच आकड्यांनी, आणि तेव्हा किंमत सर्वोच्च असतानाच द्यावा हा युक्तिवाद पुन्हा बिनतोड वाटेल. नव्या व्यवस्थापनाने तोपर्यंत थांबू नये. येत्या हिवाळ्यातच वुडसमोर दहा-बारा वर्षांचा खरा करार ठेवावा, त्याने नाकारला तर पुढच्या हिवाळ्यात त्याहून मोठा ठेवावा, आणि दरम्यान त्याच्या आजूबाजूला असे पिचर आणावेत की सही करताना त्याला हे शहर जिंकायला निघाले आहे यावर विश्वास बसेल.